जुन्या गाडीचे टेल लाइट एलईडीवर नेताना

बल्ब बदलले, काचा लावल्या, मित्राला गाडीच्या मागे दहा पावलांवर उभं केलं आणि ब्रेकवर पाय ठेवला. दिवेलागणीची वेळ होती. टेल लाइट आधीपासूनच चालू होते आणि कधी नव्हे इतके लखलखत होते. मागून आवाज आला, "अरे, दाब की ब्रेक!" मी पेडल पार खालपर्यंत दाबून धरलेलं होतं.

त्या दिवशी बसवलेलं सगळं उतरवून मी काम पहिल्यापासून केलं. मागच्या दिव्यांचा उजेड वाढला म्हणून भागत नाही. आपण ब्रेक मारला हे मागून येणाऱ्याला त्याच क्षणी कळायला हवं, आणि त्यासाठी टेल लाइट आणि ब्रेक लाइट यांच्या उजेडातला फरक ठळक राहायला हवा. जुन्या गाडीत एलईडी बसवताना हा फरकच हरवतो. तुमच्या बाबतीत तसं होऊ नये म्हणून मी कोणत्या क्रमाने गेलो आणि कुठे अडलो ते सगळं लिहितो आहे.

एवढा खटाटोप का करायचा? साध्या बल्बमधली तार तापून पूर्ण उजळायला सेकंदाचा साधारण पाचवा भाग जातो. एलईडी त्या मानाने लगेच पेटतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर कापते, म्हणजे मागच्या चालकाला साडेपाच मीटर आधी खबर मिळते. एका मोटारीच्या लांबीपेक्षा हे अंतर जास्त आहे. दुसरं कारण वायरिंगचं. २१ वॅटचे दोन ब्रेक बल्ब १२ व्होल्टवर साडेतीन अँपिअर ओढतात, ६ व्होल्टच्या गाडीत सात. हा सगळा प्रवाह पन्नास-साठ वर्षांच्या स्विचमधून आणि कडक झालेल्या वायरींतून जातो. एलईडी बल्बला दोन ते चार वॅट पुरतात.

हाताशी काय हवं

• तुमच्याच मॉडेलची आणि त्याच वर्षाची वायरिंग आकृती
• गाडीची नोंदणी आणि विम्याची कागदपत्रं (पहिल्या पायरीत लागतील)
• मल्टिमीटर आणि टेस्ट लॅम्प
• बारीक पॉलिश पेपर, छोटा पितळी ब्रश, कॉन्टॅक्ट क्लीनर, इलेक्ट्रिकल ग्रीस
• एक चौरस मिलिमीटर किंवा जाड वायर, थिंबल, क्रिंपिंगचा पक्कड, श्रिंक स्लीव्ह
• सुटी बॅटरी, मध्ये फ्यूज लावलेल्या दोन वायरींसह
• मागे उभं राहून खरं ते सांगणारा एक माणूस

१. आधी नियम बघा

पुष्कळ देशांत दिव्याला मान्यता मिळते ती आतल्या ठरावीक प्रकारच्या बल्बसह. तार असलेल्या बल्बसाठी मान्य केलेल्या दिव्यात एलईडी घातला, तर ती मान्यता राहत नाही. काही ठिकाणी जुन्या गाड्यांना सवलत असते, काही ठिकाणी तपासणीत गाडी नापास होते. तुमच्या नोंदणीच्या ठिकाणचा नियम शोधा आणि विमा कंपनीला लेखी विचारा. तोंडी "चालतंय की" यावर विसंबू नका. मागून धडक बसल्यावर पहिला प्रश्न ब्रेक लाइटचाच निघतो.

२. गाडीत काय आहे ते कागदावर उतरवा

तीन गोष्टी स्वतः तपासून लिहा. पुस्तकात काय छापलंय ते नंतर.

व्होल्टेज: फोर्डने अमेरिकेत १९५६ च्या मॉडेलांपासून १२ व्होल्ट घेतले, फोक्सवॅगनची बीटल मात्र साठच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत ६ व्होल्टवर होती. १२ व्होल्टचा एलईडी ६ व्होल्टवर मिणमिणतो किंवा पेटतच नाही.

अर्थ कोणता: जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असायचं. एमजीबीसारखी गाडीसुद्धा १९६७ पर्यंत तशीच होती. साध्या बल्बला दिशेचं सोयरसुतक नसतं. एलईडी मुळात डायोड आहे, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, उलटा जोडला की पेटत नाही. पण गाडी १९६४ ची आहे म्हणून अर्थ धनच असेल असं धरून चालू नका, मधल्या काळात कुणी तरी तो उलटवलेला असू शकतो. बॅटरीच्या कोणत्या टोकाची जाड वायर बॉडीला गेली आहे ते डोळ्यांनी बघा.

बल्बचा प्रकार: प्रत्येक होल्डरमधला बल्ब काढून त्यावरचा आकडा लिहा. एकत्र टेल-ब्रेक दिव्यात दोन तारांचा बल्ब असतो. युरोपी नाव पी२१/५डब्ल्यू, लुकासच्या (जुन्या ब्रिटिश गाड्यांचे विजेचे भाग बनवणारी कंपनी) यादीत ३८०, अमेरिकेत त्याच्या जवळचा ११५७. त्याच्या पितळी टोपीवरच्या दोन खुंट्या वेगवेगळ्या उंचीवर असतात, म्हणजे तो एकाच बाजूने बसतो. इंडिकेटरचा बहुधा एका तारेचा पी२१डब्ल्यू म्हणजे ३८२, अमेरिकेत ११५६. त्याच्या खुंट्या समोरासमोर, एकाच उंचीवर.

वायरींचे रंग ओळखता आले की अर्धा वेळ वाचतो. लुकास पद्धतीत लाल टेल लाइटची, हिरवी-जांभळी ब्रेकची, हिरवी-लाल डाव्या आणि हिरवी-पांढरी उजव्या इंडिकेटरची, काळी अर्थची. जर्मन गाड्यांत अर्थ तपकिरी, ब्रेक काळी-लाल, डावा इंडिकेटर काळा-पांढरा, उजवा काळा-हिरवा. अमेरिकी गाडी असेल तर आणखी एक बघा: पुष्कळ मॉडेलांत ब्रेक आणि इंडिकेटर बल्बमधल्या एकाच तारेवर चालतात आणि ब्रेकची वायर इंडिकेटरच्या स्विचमधून फिरून मागे येते. आकृती नीट वाचल्याशिवाय तिथे हात घालू नका.

३. अर्थिंग आधी, एलईडी नंतर

ही पायरी सगळे टाळतात. यावर माझं ठाम मत आहे: जुने बल्ब जागेवर असतानाच अर्थिंग तपासा. एलईडी इतका कमी प्रवाह घेतो की गंजलेल्या जोडावरही तो पेटतो. दोष तसाच दडून राहतो आणि पावसाळी हवेत बाहेर येतो. तारेचा बल्ब जोडावर पुरेसा भार टाकतो, म्हणून खरी स्थिती त्याच्यावरच कळते.

टेल लाइट लावा, कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. मल्टिमीटरचं एक टोक दिव्याच्या धातूच्या भांड्याला, दुसरं बॅटरीच्या अर्थ टोकाला. आकडा ०.२ व्होल्टच्या आत असेल तर ठीक. ०.५ व्होल्टच्या वर गेला तर तिथे काम आहे. मग होल्डरमधल्या टोकावर किती व्होल्ट पोचतात तेही मोजा आणि बॅटरीशी ताडून बघा. व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटलं की तारेच्या बल्बचा उजेड साधारण तीस टक्क्यांनी उतरतो. अर्थिंग दुरुस्त केल्यावर जुनेच बल्ब इतके छान पेटले की मालकाने एलईडीचा विचार सोडला, असं मी एकदा जवळून पाहिलं आहे, आणि तो निर्णय बरोबर होता.

माझ्या गाडीचा डावा होल्डर उघडला तेव्हा आत हिरवट पांढरी भुकटी साचलेली होती. तळाच्या स्प्रिंगचं टोक काळं पडलं होतं आणि बोटाने दाबलं की वर येतच नव्हतं. पॉलिश पेपरची बारीक सुरळी करून आत फिरवली, क्लीनर मारला, पुन्हा फिरवली. चौथ्या वेळी पितळ पिवळं दिसलं. स्प्रिंग मोकळी झाल्यावर "टक्" आवाज करून वर आली. मग ग्रीसचं अगदी पातळ बोट. दिवा बॉडीला जिथे बोल्टने बसतो तिथला रंग आणि गंज खरवडून मी एक वेगळी अर्थ वायर दिव्याच्या भांड्यापासून डिकीतल्या चांगल्या बोल्टपर्यंत नेली. ही वायर तुम्हीही टाकाच.

याच वेळी दिव्याच्या आतलं बघून घ्या. चकाकी उडाली असेल तर आतून शुभ्र पांढरा रंग द्या. काचेमागचं रबर कडक झालं असेल तर बदला. एलईडी तापत नाही, म्हणून आत शिरलेला ओलावा आपोआप सुकत नाही.

४. बल्ब निवडताना

रंगाचा नियम सोपा आहे: लाल काचेमागे लाल एलईडी, पिवळ्या काचेमागे पिवळा. पांढऱ्या एलईडीच्या उजेडात लाल भाग तोकडा असतो. लाल काच बाकीचं अडवते आणि बाहेर फिकट, गुलाबीकडे झुकणारा उजेड येतो. लाल एलईडी जो उजेड देतो तो जवळपास सगळाच काचेतून पार होतो.

याला एक अपवाद आहे आणि तो पुष्कळांना महागात पडतो. कित्येक जुन्या गाड्यांत टेल लाइटच्याच पोटात किंवा तळाशी एक पारदर्शक खिडकी असते, तिच्यातून नंबर प्लेटवर उजेड पडतो. तिथे लाल एलईडी घातला तर नंबर प्लेट लालभडक होते आणि वाचता येत नाही. अशा दिव्यासाठी खिडकीच्या बाजूला पांढरे आणि बाकी लाल असा मिश्र बल्ब घ्या. तो नाही मिळाला तर उबदार पांढरा.

पुढचा मुद्दा दिशेचा. तारेचा बल्ब सगळीकडे उजेड फेकतो आणि मागचा परावर्तक तो गोळा करून बाहेर काढतो. फक्त टोकाला एलईडी असलेला बल्ब घातला तर काचेच्या मध्यभागी एक झगझगीत ठिपका आणि भोवती अंधार. बाजूंनीही सगळीकडे एलईडी असलेला बल्ब घ्या. दिवा पसरट असेल तर त्या मॉडेलसाठीच बनवलेली एलईडीची पाटी सर्वांत चांगली. मात्र काचेत असलेला परावर्तक, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या उजेडात चमकणारा लाल भाग, तिने झाकला जाता कामा नये. बंद पडलेल्या गाडीला रात्री तोच वाचवतो.

आणि आता मूळ मुद्दा, फरक. २१/५ वॅट म्हटलं की वाटतं ब्रेक टेलच्या चौपट असेल. प्रमाण बल्बचा उजेड मोजला तर ब्रेकच्या तारेचा सुमारे ४४० ल्यूमेन आणि टेलच्या तारेचा ३५, म्हणजे बारा पटींहून जास्त. डोळ्याला ब्रेक लगेच कळतो तो या बारा पटींमुळे. हलक्या एलईडी बल्बांत टेलचा उजेड उगाच वाढवलेला असतो, कारण दुकानात तो उठून दिसतो. पाकिटावर दोन्ही उजेडांचे आकडे वेगळे दिलेले असतील तेच बल्ब घ्या. निदान पाच पट फरक हवाच, जास्त असेल तितकं चांगलं. मी पहिल्यांदा आणलेल्या बल्बांच्या पाकिटावर एकच मोठा आकडा होता, आणि मी तो बघूनच ते घेतले होते.

"कॅनबस" लिहिलेले बल्ब नव्या गाड्यांतल्या संगणकाला फसवण्यासाठी असतात. जुन्या गाडीत त्यांचा उपयोग शून्य, वर ते तापतात. डायनॅमो असलेल्या गाडीत व्होल्टेज बरंच खालीवर होतं, तेव्हा आत करंट स्थिर ठेवणारं सर्किट असलेला आणि रुंद व्होल्टेजवर चालणारा बल्ब निवडा.

५. टेबलावर पेटवा, मग बसवा

प्रत्येक बल्ब सुट्या बॅटरीवर तपासा, दोन्ही दिशांनी. धन अर्थची गाडी असेल तर ही पायरी अजिबात सोडू नका. दोन तारांच्या जागी येणाऱ्या बल्बची टेल आणि ब्रेक ही दोन्ही सर्किटं वेगवेगळी पेटली पाहिजेत. फक्त टेलला वीज दिली असताना ब्रेकच्या टोकावर मल्टिमीटर काही दाखवतो का तेही बघा. काही बल्बांतून वीज उलटी झिरपते आणि नंतर भलतेच दिवे मंद पेटतात.

गाडीत बसवण्याआधी बॅटरीची अर्थ वायर काढा. बल्ब होल्डरमध्ये दाबून फिरवा, काच नुसती वर ठेवून बघा. एलईडी बल्ब काचेच्या बल्बपेक्षा बरेचदा लांब किंवा जाड असतो. डोकं काचेला टेकत असेल तर स्क्रू आवळू नका. जुनी काच तडकली तर तशीच दुसरी मिळायला महिने जातात. स्क्रू हाताच्या जोरावर, आळीपाळीने, हलके आवळा.

६. इंडिकेटर आणि फ्लॅशर

मागचे इंडिकेटरही एलईडी केले की हमखास प्रश्न येतो: दिवा लागतो आणि लागूनच राहतो, किंवा वेड्यासारखा भराभर लुकलुकतो. दोष बल्बचा नसतो. फ्लॅशर म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणारी छोटी डबी. जुन्या फ्लॅशरमध्ये धातूची एक पट्टी असते. बल्बांचा तीन-चार अँपिअर प्रवाह तिला तापवतो, ती वाकते, सर्किट तुटतं. थंड झाली की पुन्हा जुळतं. टिक्-टिक् हा आवाज त्या पट्टीचाच. एलईडीचा प्रवाह तिला तापवायला पुरत नाही.

उपाय दोन सांगितले जातात. पहिला, प्रत्येक बल्बला समांतर रेझिस्टर जोडणं, बहुधा ६ ओहम आणि ५० वॅटचा. तो दोन अँपिअरच्या वर प्रवाह खातो आणि इंडिकेटर बराच वेळ चालू राहिला तर उकळत्या पाण्यापेक्षा गरम होतो. प्लॅस्टिकजवळ किंवा कापडी आवरणाच्या जुन्या वायरीजवळ तो ठेवणं मला मान्य नाही. लावावाच लागला तर उघड्या धातूच्या पत्र्यावर घट्ट बसवा, चिकटपट्टीने बांधू नका.

दुसरा आणि चांगला उपाय इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर. त्यावर कितीही कमी भार असला तरी वेग तोच राहतो. जर्मन पद्धतीत ४९ म्हणजे वीज येते, ४९ए म्हणजे दिव्यांकडे जाते, ३१ म्हणजे अर्थ. ब्रिटिश फ्लॅशरवर बी आणि एल अशी अक्षरं असतात, पी असेल तर तो डॅशबोर्डच्या दिव्याचा. जुन्या फ्लॅशरला अर्थची वायर बहुधा नसते, नव्याला ती द्यावी लागते. फ्लॅशर लागतो तिथून जवळच्या स्वच्छ बोल्टपर्यंत छोटी वायर न्या. धन अर्थच्या गाडीला त्याच अर्थसाठी बनवलेला फ्लॅशर लागतो, साधा जोडला तर जळतो. आणि हॅझर्डचा फ्लॅशर पुष्कळ गाड्यांत वेगळा असतो, तोही बदला.

फोर्ड थंडरबर्डसारखी १९६५ पासूनची गाडी असेल, जिच्या मागचे दिवे आतून बाहेर एकामागून एक पेटत जातात, तर तिचं सर्किट निराळं आहे. वरचं सगळं तिथे जसंच्या तसं लागू करू नका.

७. डॅशबोर्डवर एकच बाण असेल तर

डावा इंडिकेटर लावला आणि चारही दिवे लुकलुकू लागले, तर समजा हाच प्रकार. डॅशबोर्डवरचा एकच दिवा डाव्या आणि उजव्या सर्किटच्या मध्ये जोडलेला असतो. डावी बाजू चालू असताना त्याला अर्थ मिळते ती उजव्या बल्बच्या थंड तारेतून. तिथे एलईडी आला की त्या झिरपत्या प्रवाहावर तोही पेटतो.

दिव्याच्या दोन्ही वायरी काढा. प्रत्येकीला १एन४००७ सारखा साधा डायोड जोडा आणि दोन्हींची दुसरी टोकं एकत्र करून दिव्याच्या एका टोकाला द्या. ऋण अर्थच्या गाडीत डायोडवरचा पट्टा दिव्याच्या बाजूला येईल, धन अर्थच्या गाडीत उलट. दिव्याचं दुसरं टोक सरळ अर्थला. जोडांवर श्रिंक स्लीव्ह.

डॅशबोर्डजवळ हात घातलाच आहे म्हणून सगळे दिवे एलईडी करायचा मोह होईल. अल्टरनेटर असलेल्या गाडीत चार्जिंगचा लाल दिवा तारेचाच राहू द्या. त्याच्यातून जाणारा प्रवाह अल्टरनेटरला जागा करतो. तिथे एलईडी आला तर इंजिन सुरू होऊनही चार्जिंग सुरू होत नाही, असं होऊ शकतं.

८. माणूस मागे उभा करा

भिंतीवर पडलेला उजेड बघून निष्कर्ष काढू नका. गाडी मोकळ्या जागी न्या, माणसाला मागे पंधरा-वीस मीटरवर उभं करा आणि तुम्ही केव्हा ब्रेक दाबणार ते त्याला सांगू नका. टेल लाइट चालू ठेवून वेगवेगळ्या वेळाने ब्रेक दाबा. प्रत्येक वेळी त्याने हात वर केला पाहिजे. एकदा अंधारात, एकदा भर उन्हात, आणि एकदा त्याला बाजूला तिरपं उभं करून. मोबाइलने टिपायचं असेल तर एक्सपोजर कुलूपबंद करा, नाहीतर कॅमेरा स्वतःच उजेड जुळवून फरक पुसून टाकतो.

शेवटी टेल, ब्रेक, इंडिकेटर तिन्ही एकदम चालू करा. इंजिन बंद असताना आणि चालू असताना, दोन्ही वेळा.

९. काही विचित्र दिसलं तर

ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटतो: अर्थिंग, तिसऱ्या पायरीवर परत जा. सगळं बंद असताना एलईडी अंधुक चमकतो: कुठल्या तरी ओल्या किंवा काजळलेल्या स्विचमधून वीज झिरपते आहे. ब्रेक लाइट उशिरा लागतो, पेडल जोरात दाबल्यावरच: जुन्या गाड्यांत ब्रेक ऑइलच्या दाबावर चालणारा स्विच असतो, तो थकला आहे. तसाच ठेवला तर एलईडीने मिळवलेला सेकंदाचा पाचवा भाग तिथेच वाया जातो, म्हणून आधी तो बदला.

उतरवलेले चालू बल्ब आणि जुना फ्लॅशर एका डब्यात घालून डिकीत ठेवा. फ्यूजच्या डब्याच्या झाकणाला आतून एक चिठ्ठी चिकटवा: कोणते दिवे एलईडी आहेत, फ्लॅशर कोणता आहे, डायोड कुठे लावले आहेत आणि तारीख. माझ्या झाकणाखाली अशी चिठ्ठी आहे, आणि तिच्यावर पहिल्याच ओळीत गाडीचा अर्थ धन आहे की ऋण ते मोठ्या अक्षरात लिहिलं आहे.